उंच पोरांना घाईने निकालात काढू नका

ज्युनियर हॉकीच्या सामन्यात साडेसहा फुटांचा 17 वर्षांचा डिफेन्समन बर्फावर उतरला, की आजूबाजूच्या खुर्च्यांवरून दोनच मतं कानावर येतात. एक म्हणजे, "एवढी उंची आहे ना, पाय काय, सुधारतीलच." दुसरं, "पायच नाहीत त्याला, याचं काही खरं नाही." ऑन्टॅरिओ हॉकी लीगचे सामने मी नेमाने पाहतो, आणि ही दोन्ही मतं मला सारखीच घातक वाटतात. तो मुलगा हळू का आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. आपल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच घरांतली मुलं आता हॉकी खेळतात. त्यातली काही वयाच्या मानाने चांगलीच उंच आहेत आणि त्यांच्या आईवडिलांनाही हेच ऐकावं लागतं. म्हणून हा लेख.

झेडेनो चाराचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. स्लोव्हाकियातल्या ट्रेन्चिनचा हा मुलगा. वडील 1976च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेले कुस्तीगीर. पोरगा वाढत वाढत 6 फूट 9 इंचांवर गेला, तेव्हा त्याला बास्केटबॉल खेळायचा सल्ला देणारे भेटले. 1996मध्ये एनएचएलच्या (नॅशनल हॉकी लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, न्यूयॉर्क आयलँडर्सनी त्याला 56व्या क्रमांकावर घेतलं. मग तो एक हंगाम ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स जॉर्जला ज्युनियर हॉकी खेळला. 2001मध्ये आयलँडर्सनी अलेक्सी याशिन या खेळाडूच्या बदल्यात त्याला ऑटवाला देऊन टाकलं, वर ड्राफ्टमधली दुसऱ्या क्रमांकाची निवडही दिली. त्या निवडीवर ऑटवाने जेसन स्पेझाला घेतलं. पुढचं सर्वांना माहीत आहे: 2009मध्ये सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी, 2011मध्ये बॉस्टनचा कर्णधार म्हणून स्टॅन्ली कप, आणि निवृत्त झाला तेव्हा 1,680 सामने, जेवढे एनएचएलमध्ये कुठलाच डिफेन्समन खेळलेला नाही.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, "बघा, उंची असली की होतं." मला यातून वेगळंच दिसतं. चाराला 19व्या वर्षी घेतलं आणि नॉरिस मिळाली तेव्हा तो 32 वर्षांचा होता. मधली वर्षं त्याने अंग कमावलं, पाय घडवले. उंचीने त्याला ती वर्षं मिळवून दिली, एवढंच तिचं काम. ज्याला ही वर्षं मिळतात पण जो ती वापरत नाही, त्याचं काय होतं तेही पाहिलं पाहिजे.

त्याआधी शरीराचं थोडं. मुलगे साधारण 13 ते 15 या वयात सर्वांत झपाट्याने उंच होतात. हाडं आधी लांबतात, ताकद मागून येते. मांडी लांब झाली की गुडघ्यात खोल वाकून राहायला मांडीच्या स्नायूंना कितीतरी जास्त जोर लागतो. तो जोर नसला की मुलगा उभा राहून स्केटिंग करतो. उभा राहिला की पाय मागे पूर्ण ढकलला जात नाही, पावलं आखूड पडतात, वळताना तोल वर जातो आणि बर्फाला ब्लेडची धार नीट लागत नाही. खुर्चीतून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं की तो हळू आहे. त्यात आणखी एक भानगड. 15 सप्टेंबरपर्यंत ज्याला 18 पूर्ण होतात तो त्या वर्षीच्या एनएचएल ड्राफ्टला पात्र ठरतो. म्हणजे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. उन्हाळ्यात जन्मलेल्या उंच मुलाची तुलना आदल्या ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्याशी करणं, हा सरळ अन्याय आहे. जन्मतारीख न पाहता मी कोणाच्याही पायांबद्दल बोलत नाही.

आता 2003चा ड्राफ्ट पाहा. त्यात 6 फूट 6 इंचांच्या आसपासचे दोन अमेरिकन फॉरवर्ड पहिल्याच फेरीत गेले. ह्यू जेसिमनला न्यूयॉर्क रेंजर्सनी 12व्या क्रमांकावर घेतलं, ब्रायन बॉइलला लॉस एंजलिस किंग्जनी 26व्या. जेसिमनच्या मागे झॅक पारिझे, रायन गेट्झलाफ, कोरी पेरी, पत्रिस बर्जेरॉन, शे वेबर असे एकाहून एक खेळाडू उरले होते. जेसिमन एनएचएलमध्ये दोन सामने खेळला, तेही फ्लोरिडाकडून. घोट्याच्या दुखापतीने त्याचं नुकसान केलं हे खरं आहे आणि ते सांगितल्याशिवाय त्याचं नाव घेणं बरं नाही. बॉइललाही सुरुवातीला कोणी फारसं धरत नव्हतं. 2009-10मध्ये त्याने रेंजर्सकडून चार गोल केले. उन्हाळ्यात तो बार्बरा अंडरहिल यांच्याकडे शिकला. अंडरहिल म्हणजे 1984मध्ये पॉल मार्टिनीबरोबर फिगर स्केटिंगचं जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या, पुढे हॉकी संघांच्या स्केटिंग प्रशिक्षक झालेल्या. पुढच्या हंगामात बॉइलचे 21 गोल झाले. त्या वेळी तो पंचविशीत होता, म्हणजे ज्या वयात "आता पाय काय सुधारणार" असं म्हणतात त्या वयात. बॉइल एनएचएलमध्ये 800हून जास्त सामने खेळला.

म्हणून मी सामन्याला जातो तेव्हा मधल्या महागड्या जागा सोडून गोलच्या मागे, कोपऱ्यात बसतो. सरळ रेषेतला वेग तिथून दिसत नाही आणि मला तो फारसा पाहायचाही नसतो. मला पाहायचं असतं ते असं: समोरच्या संघाने पक आत टाकला आहे, तो कोपऱ्यात चाललाय, उंच डिफेन्समनला उलटं फिरून त्याच्यामागे जायचंय. वळण्याआधी त्याने खांद्यावरून मागे पाहिलं का? एकदा की दोनदा? वळताना कंबर आधी फिरली की आधी खांदे फिरले आणि पाय मागे राहिले? पहिल्या तीन पावलांत गुडघा बुटाच्या टोकाच्या पुढे आला, की पाय ताठच राहिले? पकपाशी पोचल्यावर तो थांबला, की न थांबता बाहेरच्या धारेवर वळून निघाला? हे सगळं चार सेकंदांत होतं आणि सामन्यात पंधरा-वीस वेळा होतं. ज्याने दोनदा मागे पाहिलं पण पाय अडखळले, त्याच्यावर मी पैज लावीन. ज्याचे पाय छान चालले पण ज्याने मागे पाहिलंच नाही आणि पक सरळ समोरच्या फॉरवर्डच्या स्टिकवर दिला, त्याच्यावर नाही.

कारण पाय शिकवता येतात. खेळ उशिरा कळणं शिकवून फारसं सुधारत नाही, निदान 17 नंतर तरी नाही. मार्क स्टोन 2010च्या ड्राफ्टमध्ये 178व्या क्रमांकापर्यंत मागे राहिला, कारण ब्रँडनच्या ज्युनियर संघात असताना त्याचे पाय कोणाला पसंत नव्हते. तो आजही लीगमधल्या वेगवान खेळाडूंत मोडत नाही. पण पक कुठे येणार हे त्याला आधी कळतं, म्हणून तो तिथे आधीच असतो. 2023मध्ये वेगासने स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा कर्णधार तोच होता आणि शेवटच्या सामन्यात त्याने तीन गोल केले.

इथे कोणी म्हणेल, आता लीग फार वेगवान झाली आहे, ही धीराची भाषा जुन्या काळाची. आक्षेप रास्त आहे. 2004-05चा हंगाम बुडाल्यानंतर स्टिकने अडकवणं, धरून ठेवणं यावर पंच कडक झाले आणि लांब पासवरची जुनी बंदीही उठली. त्याआधी संथ डिफेन्समन स्टिक अडकवून सुटत असे, ती सोय गेली. निव्वळ धिप्पाड असण्यावर करिअर निघण्याचे दिवस तिथेच संपले आणि ते बरंच झालं. पण चाराची उत्तम वर्षं ह्या बदलानंतरचीच आहेत. टेज थॉम्पसन तर अगदी अलीकडचा. 6 फूट 6 इंच, 2016मध्ये सेंट लुईसची 26वी निवड, 2018मध्ये बफलोला दिलेला. पहिल्या चार हंगामांत मिळून त्याचे वीसही गोल नव्हते. मग प्रशिक्षक डॉन ग्रॅनाटोंनी त्याला सेंटरला खेळवलं. 2021-22मध्ये 38 गोल, त्याच्या पुढच्या हंगामात 47. तोवर तो 25 वर्षांचा झाला होता. वेगवान लीगमध्येही मोठं शरीर उशिराच जुळून येतं, हेच यातून दिसतं.

मात्र वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. ऑन्टॅरिओच्या ज्युनियर लीगमध्ये हंगामात 68 सामने, शिवाय बसचे लांबलांबचे प्रवास. त्यात पाय घडवायला वेळच नसतो. पाय उन्हाळ्यात घडतात. म्हणून उंच मुलाला जोखायची माझी पद्धत अशी, की मार्चमध्ये पाहिलेला मुलगा ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाहायचा. गुडघा जास्त वाकायला लागला असेल, उलटं जाताना दोन्ही बाजूंना सारखं वळता येत असेल, तर तो मुलगा कामाला लागला आहे. काहीच बदललं नसेल तर त्याच्या उंचीचं मला कौतुक नाही. अंदाज बांधायला मला याहून भरवशाची खूण सापडलेली नाही.

पालकांशी दोन गोष्टी थेट बोलतो. वाढत्या मुलाला दोन वर्षं पुरतील म्हणून मोठे स्केट घेऊ नका. आपल्याकडे हे सर्रास होतं, कारण स्केट महाग असतात आणि मुलगा सहा महिन्यांत त्यातून बाहेर येतो. पण सैल बुटात टाच हलते, घोटा धार धरू शकत नाही, आणि मग तोच मुलगा 'हळू' ठरतो. वापरलेले चालतील, पण मापाचे घ्या. दुसरं, उंच आहे म्हणून 12व्या वर्षी त्याला डिफेन्सला टाकून "फक्त धडक दे" असं सांगणाऱ्याकडे फार काळ ठेवू नका. त्या वयात त्याने पक हाताळायला, दोन्ही धारांवर वळायला, उलटं स्केटिंग करायला शिकलं पाहिजे. धडक पुढे आपोआप येईल, वजन असतंच.

आणि संघनिवडीनंतर कोणी सांगितलं की तुमचा मुलगा हळू आहे, तर तिथेच शांतपणे विचारा: नेमका कुठे हळू आहे? पहिल्या तीन पावलांत, वळताना, की पक कुठे जाणार हे ओळखताना? पहिल्या दोन्हींसाठी उन्हाळाभर एक चांगला स्केटिंग प्रशिक्षक लावा. तिसरं असेल तर त्याच्याबरोबर बसून सामने पाहा, भरपूर पाहा, आणि आत्तापासूनच सुरू करा.