दहा बाय बारातला हाय-फाय

भीमसेन जोशींची ध्वनिमुद्रिका लागते, द्रुत सुरू होते आणि डग्गा खोलीभर घुमायला लागतो. दुकानात हेच स्पीकर, हाच ॲम्प्लिफायर आणि हीच चीज ऐकली, तेव्हा ‘धा’मधला डग्गा गोल आणि नेटका उमटत होता. घरी त्याची नुसती ‘धुम्म’ उरते. काही लाख रुपये मोजलेल्या माणसाला अशा वेळी यंत्राचाच संशय येतो. मग केबल बदलते, ॲम्प्लिफायर बदलतो, शेवटी स्पीकरच विकायला निघतात. हे चक्र एकदा सुरू झालं की ऐकणं बाजूला राहतं.

त्या घुमण्याचं कारण बहुतेक वेळा भिंतींत असतं. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असेल, तर ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर दोघींच्या मध्ये सापडतो आणि फुगत जातो. डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्याच्या आसपास येतो. बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या किंवा सर्जापूर रोडवरच्या टॉवरमधली दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. खालचे स्वर फुगतात आणि वरचे काचेवरून उलटून कानावर आदळतात. कितीही महागडा ॲम्प्लिफायर आणला तरी त्याचा इथे इलाज चालत नाही.

इलाज असतो तो अंगमेहनतीचा. स्पीकर भिंतीपासून अर्ध्या फुटावर असतील तर ते थोडे थोडे पुढे ओढायचे, दर खेपेला तोच तुकडा ऐकायचा आणि जमिनीवर चिकटपट्टीची खूण करायची. बहुतेकदा दोन-अडीच फुटांच्या आसपास धुम्म ओसरते आणि डग्ग्यावरचं बोट ऐकू यायला लागतं. मग आरसा घ्यायचा. ऐकणाऱ्याने खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीला टेकवून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथे ट्वीटर दिसतो, तिथेच आवाज आपटून कानाकडे वळत असतो. त्या जागी पुस्तकांचं कपाट ठेवलं किंवा जाड गोधडी टांगली आणि समोर सतरंजी अंथरली, की गायक दोन स्पीकरच्या मधोमध ठाम बसतो, तानपुरे आपल्या जागी जातात. एवढ्या खर्चात बरी केबलही येत नाही.

बंगळूरची हवा या शौकाला मानवते. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे वर्षातले कितीतरी महिने संध्याकाळी पंखा आणि एसी बंद ठेवून बसता येतं. मंद्रातल्या आलापामागची तानपुऱ्याची जवारी ऐकायची तर आधी पंख्याची घरघर थांबावी लागते. मुंबई-नागपूरच्या रसिकांना ही चैन जेमतेम हिवाळ्यात मिळते. क्लास ए ॲम्प्लिफायर काही वाजत नसतानाही भरपूर वीज ओढतो आणि तापतो. इथल्या गारव्यात तोही सुसह्य होतो.

विजेचं मात्र सांभाळावं लागतं. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. अर्थिंगची जोडणी चुकली असेल तर ५० हर्ट्‌झची गुणगुण प्रत्येक शांत जागेत डोकावते. पावसाळी संध्याकाळी विजा कडाडू लागल्या की सगळे प्लग काढून ठेवलेले बरे.

या शौकाचा एक थोर पूर्वज याच मुलखात होऊन गेला. म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराज वाडियार (१९१९–१९७४) पियानो शिकले होते आणि कर्नाटक संगीतात त्यांनी ९४ कृती रचल्या. १९५०च्या सुमारास त्यांच्या संग्रहात २०,००० ध्वनिमुद्रिका असाव्यात असा अंदाज आहे. लंडनचे ध्वनिमुद्रण-निर्माते वॉल्टर लेग म्हैसूरला आले, तेव्हा तो संग्रह, तऱ्हेतऱ्हेचे लाउडस्पीकर आणि मैफलीचे पियानो पाहून भारावून गेले. स्टिरिओ तबकडी बाजारात यायला अजून अवकाश होता. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपे. एक कॉन्चेर्टो ऐकायचा तर तीन-चार तबकड्या उलटसुलट कराव्या लागत.

पण महाराज यंत्रांपाशी थांबले नाहीत. रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर लंडनमध्ये विस्मरणात दिवस काढत होते आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका फारशा मिळत नव्हत्या. महाराजांनी खर्च उचलला. साठी ओलांडलेले मेट्नर स्वतः पियानोवर बसले आणि त्यांचे तिन्ही पियानो कॉन्चेर्टो तबकड्यांवर उतरले. तिसरा त्यांनी महाराजांना अर्पण केला. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिचर्ड स्ट्राउसची ‘फोर लास्ट साँग्ज’ प्रथमच सादर झाली. गायिका होती कर्स्टन फ्लॅगस्टाड. त्या कार्यक्रमाची आर्थिक हमीही महाराजांनीच दिली. त्यांना जाता आलं नाही, म्हणून ध्वनिमुद्रण करून ते म्हैसूरला पाठवण्यात आलं. तो आवाज आज ऐकायला मिळतो, कारण हजारो मैलांवरच्या एका श्रोत्याला तो आपल्या घरी ऐकायचा होता.

राजाची तिजोरी कुणाकडे नसते, पण पैसे कुठे घालायचे याचा तो क्रम उचलण्याजोगा आहे. पुढचा बॉक्स घेण्याआधी खोली सुधारावी आणि तबकड्या वाढवाव्यात. बंगळूरच्या मराठी घरात तर याचं दान दुहेरी पडतं. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, कुमार गंधर्व ही मंडळी जन्माने कर्नाटकातली आणि प्रेमाने महाराष्ट्राचीही. गंगूबाईंचा भरदार, खालच्या पट्टीतला आवाज छातीतून आल्यासारखा वाटतो की डब्यातून, एवढ्यावरून स्पीकरची पारख होते.

जुनं मुद्रणही वर्ज्य मानू नये. भारतातल्या पहिल्या तबकड्यांपैकी काही गायिका गौहर जान यांच्या, १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित झालेल्या. तेव्हा गाणं मायक्रोफोनशिवाय थेट कर्ण्यात गायलं जाई. गौहर जान यांची अखेर १९३० साली म्हैसुरात झाली. त्यांचं चरित्र लिहिणारे विक्रम संपत यांनी बंगळूरमध्ये ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ उभारून अशा तबकड्या डिजिटल रूपात आणल्या. चांगल्या संचावर त्या ऐकताना खरखर जात नाही, पण ती गाण्यापासून वेगळी होते आणि मुरकीचा एकेक स्वर सुटा होतो.

नवा संच घेणाऱ्यांनी दुकानाआधी ओळखीच्या दोन-तीन घरांत बसून ऐकावं. दुकानातली खोली ध्वनीसाठी खास बांधलेली असते, आपली तशी नसते. सोबत आपल्या रोजच्या ऐकण्यातली, पाठ झालेली एखादी चीज न्यावी आणि विलंबितापासून ती पूर्ण ऐकावी. पुण्याच्या केडन्सपासून कोलकात्याच्या सोनोडाइनपर्यंत देशी नावांनाही कान द्यावा, म्हणजे दुरुस्तीसाठी यंत्र समुद्रापार पाठवायची वेळ येणार नाही. घरी येऊन जोडणी करून देणारा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा ऐकायला येणारा विक्रेता मिळाला, तर त्याच्याकडे चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही.