पुनर्बांधणीचा आळस

चालत्या गाडीला खीळ घालूं नये, ही म्हण आमच्या लोकांस फार प्रिय आहे. शहाणपणाच्या अनेक म्हणींप्रमाणें हिचाही उपयोग पुष्कळदां आळसावर पांघरूण घालण्याकडे होतो. मुक्त संगणकप्रणालींच्या जगांत सांप्रत असेंच चाललें आहे. आणि ज्या डेबियन प्रणालीवर आम्ही स्वतः कित्येक वर्षें लेखनवाचन करीत आलों, तिच्याविषयींच हें लिहावें लागत आहे, याचें आम्हांस वाईट वाटतें.

वाद काय आहे तो आधीं सांगितला पाहिजे. 1993 सालीं इयान मर्डॉक यांनीं आरंभिलेली डेबियन ही स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभी आहे. 2025 च्या ऑगस्टमध्यें निघालेल्या तिच्या तेराव्या आवृत्तींत जवळजवळ 70,000 पॅकेजें आहेत. त्यांच्या मुळाशीं मनुष्यास वाचतां येणारी संहिता असते. कंपायलरच्या साह्यानें तिचें यंत्रास कळणारें रूप घडवितात, आणि आपल्या संगणकावर उतरतें तें हें दुसरें रूप. संहिता जशीच्या तशी राहिली, पण कंपायलर बदलला, आधारभूत लायब्रऱ्या बदलल्या, तर तें यंत्ररूप पुन्हां घडवावें कीं नाहीं? डेबियनचा परिपाठ असा कीं, गरज पडेल तेव्हांच घडवावें. एखाद्या लायब्ररीचा सांधा बदलला म्हणजे तिच्यावर विसंबणाऱ्या पॅकेजांची यादी होते, त्यांची पुनर्बांधणी होते, आणि आवृत्तीच्या आंकड्यापुढें ‘+बी1’ अशी खूण येते. बाकीचीं पॅकेजें जुन्याच रूपांत पुढील आवृत्तींत जाऊं शकतात.

आमचें म्हणणें असें: प्रत्येक स्थिर आवृत्ति निघण्यापूर्वीं तिच्यांतील झाडून साऱ्या पॅकेजांची सार्वजनिक यंत्रांवर नव्यानें बांधणी झाली पाहिजे, आणि त्या बांधणींतून निघालेलेंच रूप लोकांच्या हातीं पडलें पाहिजे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. पण मौज अशी कीं, हा खर्च डेबियनमध्यें आजही होतो! सर्व पॅकेजें अद्याप बांधलीं जातात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वेळोवेळीं सबंध संग्रहाची चाचणी-बांधणी केली जाते; जीं बांधलीं जात नाहींत त्यांच्याविरुद्ध दोषपत्रें दाखल होतात; आणि जीं उत्तम बांधलीं गेलीं तीं टाकून दिलीं जातात. स्वयंपाक साधतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चूल पेटवावी, शिजलेलें अन्न फेंकून द्यावें, आणि पंगतींत शिळें वाढावें, अशांतला हा प्रकार झाला.

दुसरा आक्षेप असा कीं, नव्या कंपायलरनें नवे दोष उत्पन्न होतील. होतील; परंतु ते केव्हां दिसावेत? सुरक्षेचें छिद्र बुजविण्यासाठीं घाईघाईनें बांधणी करावयाची वेळ येते, तेव्हां पॅकेज बांधलेंच जात नाहीं असें कळावें, कीं आवृत्तीच्या तयारीच्या निवांत महिन्यांत कळावें? फेडोरा ही भगिनीप्रणाली बहुतेक प्रत्येक आवृत्तीपूर्वीं सरसकट पुनर्बांधणी करिते, आणि तिची गाडी कांहीं अडलेली नाहीं.

गो आणि रस्ट या भाषांतील पॅकेजांनीं तर हा प्रश्न ऐरणीवर आणला आहे. त्यांत लायब्ररी ही प्रत्येक कार्यक्रमाच्या पोटांतच शिवलेली असते. तिच्यांत छिद्र सांपडलें तर तिला पोटांत घेणारें प्रत्येक पॅकेज पुन्हां बांधणें भाग पडतें. ही पुनर्बांधणी आपल्या व्यवस्थेस नीट झेपत नाहीं, अशी कबुली 2023 च्या बाराव्या आवृत्तीबरोबरच्या सूचनांत डेबियननें स्वतःच दिली आहे. या कबुलीच्या प्रांजळपणाबद्दल आम्हांस आदर आहे. पण कबुली म्हणजे उपाय नव्हे.

2019 मध्यें दहावी आवृत्ति निघतांच डेबियननें एक स्तुत्य नियम केला: पालकानें आपल्या घरच्या संगणकावर बांधलेलें पॅकेज यापुढें भावी आवृत्तींत घ्यावयाचें नाहीं, बांधणी सार्वजनिक यंत्रांवरच व्हावी. मात्र नियम नव्यानें येणाऱ्यांस लागला. आधींच आंत बसलेल्यांस कोणी उठविलें नाहीं. शिवाय सर्व यंत्रांस सामाईक अशा पॅकेजांची, संहितेचा आंकडा न वाढवितां, पुनर्बांधणी करण्याची सोयच तेथें नाहीं. दार लावून घेतलें, खिडकी उघडीच राहिली.

आमचे एक तरुण मित्र विचारतात कीं, 2024 च्या मार्चमध्यें एक्सझेड या साधनांतील विष अँड्रेस फ्रॉइंड यांनीं उघडकीस आणलें. तें तर संहितेच्या गठ्ठ्यांतूनच आलें होतें. तेथें तुमची पुनर्बांधणी काय करणार? कबूल, पुनर्बांधणी ही सर्व रोगांवरची मात्रा नव्हे. पण तें विष कोठें दडलें होतें? ज्या उघड भांडारांत चारचौघें संहिता वाचतात, त्यांत न आढळणारा बांधणीच्या सूत्रांतील एक तुकडा प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यांत घुसडलेला होता. म्हणजे वाचावयाचें एक आणि बांधावयाचें दुसरें! आम्ही ज्या रोगाविरुद्ध बोलतों, त्याच जातीचा हा रोग. केन थॉम्प्सन यांनीं 1984 सालींच दाखवून दिलें कीं, संहिता निर्मळ असूनही कंपायलरच्या द्वारें यंत्ररूप भ्रष्ट होऊं शकतें. म्हणूनच दोन निरनिराळ्या यंत्रांवर बांधलेलें रूप अक्षरशः एकच यावें, असा उद्योग डेबियनमध्येंच 2013 पासून चालू आहे. तो आम्हांस अत्यंत मोलाचा वाटतो. पण जें पुन्हां बांधावयाचेंच नाहीं, त्याची तुलना कशाशीं करणार?

हें अशक्य आहे असें निदान डेबियननें तरी म्हणूं नये. 2038 च्या जानेवारींत 32 बिटांची कालगणना संपणार, म्हणून 2024 सालीं तिनें शेंकडों लायब्रऱ्यांचीं नांवें बदलून हजारों पॅकेजांची पुनर्बांधणी पार पाडली. संकट दिसलें तेव्हां बळ आलें. आम्ही एवढेंच मागतों कीं, संकटाची वाट न पाहतां तेंच बळ नित्यकर्म व्हावें. मुक्त संहितेचें वचन असें आहे कीं, तुमच्या हातांत जें आहे तें कशापासून झालें हें तुम्हांस पाहतां येईल आणि स्वतः घडवितांही येईल. हें वचन प्रत्येक आवृत्तीस करून दाखवावें लागतें. एकदां दिलें म्हणून तें पाळलें गेलें, असें होत नाहीं.