आदित्य पोहोचला. आता त्याचे आकडे कोण वाचणार?

काल एका ग्रुपवर 'आदित्य-एल१'वरून पुन्हा तोच वाद. एक बाजू 'गर्व आहे'वाली, दुसरी 'एवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या'वाली. मी दोघांनाही एकच विचारलं, ते यान तिथे मोजतंय काय? उत्तर आलं नाही. (एक अंगठा आला.)

म्हणून लिहितोय.

सूर्यावरून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. त्यातला वेगवान वारा निघतो कोरोनल होलमधून, म्हणजे जिथे चुंबकीय रेषा अवकाशात मोकळ्या सुटलेल्या असतात तिथून. वेग सेकंदाला ७००-८०० किलोमीटर. आता सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडून बघा, वॉल्व्हपाशी गार लागते. पसरणारा वायू थंड होतो. हा वाराही पसरतच येतो, पण हिशेबाने व्हायला हवा तितका थंड होत नाही. वाटेत त्याला काहीतरी तापवतंय. त्यातही गंमत बघा, प्रोटॉनच्या चौपट जड असलेले हेलियमचे आयन बऱ्याचदा प्रोटॉनपेक्षा चौपट किंवा त्याहूनही जास्त तापलेले सापडतात.

संशय आहे खळबळीवर. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहान फुटून आणखी लहान. सौरवाऱ्यातल्या चुंबकीय लाटांचंही तसंच. फुटत फुटत त्या आयनांच्या गिरकीएवढ्या झाल्या, पृथ्वीजवळ साधारण शंभर किलोमीटरच्या, की ऊर्जा आयनांच्या अंगात उतरते. कशी, यावर अजून भांडणं चालू आहेत. लाटेचा आणि गिरकीचा ताल जुळतो म्हणून, की आयनांना वेडेवाकडे धक्के बसतात म्हणून?

आदित्यवर अहमदाबादच्या पीआरएलने बनवलेलं 'स्विस' हे उपकरण नेमकं हेच, प्रोटॉन आणि हेलियम वेगवेगळे मोजतं. २ नोव्हेंबर २०२३पासून चालू आहे. यानावर चुंबकमापीही आहे. आणि आकडे इस्रोच्या पोर्टलवर फुकट मिळतात.

माझा राग इथे आहे. उड्डाणाच्या दिवशी आमच्या कॉलेजात पडदा लावला, पेढे वाटले. नंतर मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हे आकडे सुचवले, तर उत्तर मिळालं, 'सिलॅबसमध्ये नाही, सर.' अहो, १९५८ साली युजीन पार्करचा सौरवाऱ्यावरचा पेपर परीक्षकांनी नाकारला होता. संपादक होते आपले चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी तो छापला. आमच्याकडे निदान पोर्टल उघडून तरी बघावं!

खर्च होऊन गेलाय. आता उधळपट्टी म्हणायचीच असेल, तर न वाचलेल्या आकड्यांना म्हणा.

बी.एस्सी.च्या पोरांनाही हल्ली पायथन येतं. वेगवान वाऱ्याचे चार दिवस निवडायचे, प्रोटॉन आणि हेलियमचे आलेख शेजारीशेजारी काढायचे, एवढ्यानेही सुरुवात होते. कुणाला करायचं असेल तर मेसेज टाका. संध्याकाळी सातनंतर मी मोकळाच असतो.