खलनायकाचा प्रश्न बरोबर असेल तर?



"सुपरहिरोचा सिनेमा तो! त्यात कसलं राजकारण शोधताय?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मोठी माणसंही तसंच म्हणतात. २०१९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीसारख्या नामवंत दिग्दर्शकाने मार्व्हलचे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, ते मनोरंजन पार्कसारखे आहेत, असं मत मांडलं होतं. मला हे पटत नाही. म्हणजे, त्यातले बरेचसे चित्रपट दोन तासांत विसरून जावेत असेच असतात, हे मान्य. पण एखादा चित्रपट स्वतःहून गुलामगिरी, वसाहतवाद, वर्णभेद असे विषय हातात घेतो, तेव्हा त्याला "लहान मुलांचा आहे, सोडा" म्हणून सूट देणं मला चुकीचं वाटतं. तो मुलं बघतात, म्हणून तर जास्त काटेकोरपणे तपासायला हवा.

उदाहरण घेऊ 'ब्लॅक पँथर'चं. रायन कूगलर दिग्दर्शित हा चित्रपट २०१८ मध्ये आला. जगभरात त्याने १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला सुपरहिरोपट. आपल्या मुलांनी तो हिंदी डबिंगमध्ये, मोबाइलवर, तुकड्यातुकड्यात पाहिलेला असतो. कथा थोडक्यात अशी: वकांडा हा आफ्रिकेतला काल्पनिक देश. अतिप्रगत, श्रीमंत, पण जगापासून लपून राहिलेला. टी'चाला हा तिथला राजा. त्याचा चुलतभाऊ किलमाँगर अमेरिकेत ओकलंडच्या गरीब वस्तीत अनाथ म्हणून वाढलेला. त्याचा सवाल सरळ आहे: जगभर आपल्या वंशाची माणसं भरडली जात असताना एवढी ताकद असलेला वकांडा गप्प का बसला?

आता लंडनमधल्या संग्रहालयाचा प्रसंग आठवा. किलमाँगर तिथल्या तज्ज्ञ बाईंना विचारतो, की या वस्तू तुमच्या पूर्वजांनी मिळवल्या कशा? रास्त भाव देऊन, की आणखी कशा? हा प्रश्न काल्पनिक नाही. १८९७ साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातल्या बेनिनच्या राजवाड्यातून हजारो मूर्ती आणि पट लुटून नेले. त्यांतले शेकडो आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीही ठरावीक मुदतीच्या बोलीवर, हे आपल्या मुलांना आठवत असेल. म्हणजे हा प्रश्न त्यांच्या अंगणातलाच आहे.

पण गंमत बघा. ज्या बाईंना हा प्रश्न विचारला जातो, त्यांच्या कॉफीत विष घातलेलं असतं. प्रश्न संपतो आणि बाई कोसळतात. पुढेही तेच. किलमाँगर स्वतःच्या मैत्रिणीला गोळी घालतो, म्हाताऱ्या बाईचा गळा धरतो, पवित्र वनस्पतीची बाग जाळायला लावतो. त्याचं म्हणणं पटायला लागलं रे लागलं, की लगेच एक क्रूर कृत्य. मग प्रेक्षक निश्चिंत होतो. माणूसच वाईट निघाला, आता त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज नाही.

गंभीर समीक्षा म्हणजे मी हेच म्हणतो आहे. आपल्याकडे, विशेषतः व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सिनेमाची चर्चा 'अवश्य पाहा' किंवा 'बहिष्कार टाका' यापलीकडे जात नाही. ती समीक्षा नव्हे, ती मतमोजणी झाली.

आणखी एक गोष्ट खटकते. शेवटच्या लढाईत वकांडाची विमानं पाडणारा 'चांगला' माणूस सीआयएचा अधिकारी आहे. किलमाँगरला हे डावपेच अमेरिकन लष्करी सेवेतच शिकायला मिळाले, हे त्याच अधिकाऱ्याच्या तोंडून सांगण्याचा प्रामाणिकपणा चित्रपटाकडे आहे, हे खरं. पण १९६० मध्ये काँगोचे निवडून आलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्यावर विषप्रयोग करण्याचा कट सीआयएने आखला होता, हे अमेरिकी सिनेटच्या समितीनेच १९७५ मध्ये उघड केलं. ही पार्श्वभूमी ज्याला माहीत आहे, त्याला आफ्रिकेच्या आकाशातला तो वीर पाहताना टाळी वाजवणं जड जातं.

कुणी म्हणेल, सर, एवढा कीस पाडला तर मुलांची मजाच जाईल. माझा अनुभव उलटा आहे. नववीच्या वर्गात फळ्यावर दोन रकाने करा: 'किलमाँगरचे प्रश्न' आणि 'किलमाँगरची कृत्यं'. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी पोरं हात वर करतात. एकाने मला विचारलं, "सर, एवढा पुढारलेला देश आणि राजा कुस्ती करून निवडतात?" नागरिकशास्त्राचा तास मी तिथूनच सुरू केला!

मात्र कौतुकही समीक्षेतच येतं, ते विसरू नका. रूथ कार्टर यांनी वेशभूषेत आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या समाजांच्या पोशाखांतून इतकं काही आणलं आहे, की भूगोलाच्या शिक्षकाला एक तास पुरणार नाही. त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं, ते योग्यच.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप शेवटावर आहे. टी'चाला आपल्या पूर्वजांचं चुकलं हे मान्य करतो, ओकलंडमध्ये इमारती विकत घेतो आणि तिथे मदतकेंद्र काढायचं ठरवतो. म्हणजे चित्रपट आपल्यापुढे दोनच वाटा ठेवतो: किलमाँगरची बंदूक नाहीतर भल्या राजाचं दान. ओकलंडच्या माणसांना स्वतःला काही करता येतं की नाही? याच ओकलंडमध्ये ऑक्टोबर १९६६ मध्ये 'ब्लॅक पँथर पार्टी' ही खरीखुरी संघटना स्थापन झाली. तिच्या हातात बंदुका होत्या, हे सगळे सांगतात. पण १९६९ मध्ये तिने तिथल्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना रोज सकाळी मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली आणि पुढे अनेक शहरांत तो उपक्रम पसरला, हे फार कमी लोक सांगतात. शालेय पोषण आहाराची खिचडी रोज वाढणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या नाश्त्याचं मोल वेगळं सांगायला नको. त्याच गावात सुरू होऊन त्याच गावात संपणाऱ्या या सिनेमात त्या नाश्त्याचा उल्लेख नाही.

हा चित्रपट घरी पुन्हा लागला, तर बंद करू नका. मुलांबरोबर बसा, आणि शेवटी एवढंच विचारा: त्या वस्तीतल्या आयाबायांना कुणी काही विचारलं का?