लग्नाला जाताना काय घालावे?



वैशाखातली लग्ने आली की पाठोपाठ पेरणीही येते. घरात नव्या कपड्यांचा विषय निघतो. मुलांना फॅशन हवी, त्यात गैर काही नाही. पण उन्हातल्या मांडवात पॉलिस्टर घाम टिपत नाही. चुलीजवळ पेटले तर वितळून अंगाला चिकटते. सुतीच बरे. भगिनींनो, पेटीतली इरकल काढा, तिच्यावर खणाचा नवा ब्लाउज शिवा. मुलाला सुती झब्बा, वर जाकीट. शहरातही आज हे आवडीने घालतात.

मात्र बियाण्या-खताचे पैसे आधी बाजूला काढा, मगच कापड दुकानाची पायरी चढा. पाहुण्याचा थाट एका दिवसाचा. पेरणी हुकली तर हंगाम जातो.