घर ऑफिसजवळ नको, स्टेशनजवळ हवं

महाप्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि दाराशी गाडी नसली, की सल्ला ठरलेला असतो: ऑफिसला चिकटून घर घ्या, प्रवासाची कटकटच नको. परवा एका गृहस्थांनी तो पुन्हा अधिकारवाणीने दिला. किलोमीटर कमी तर त्रास कमी, लोकलच्या आधाराने घर निवडणं हा जुन्या लोकांचा हट्ट, आणि आज काही अडचण असली तरी उद्या मेट्रो येणारच आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. ते ऐकून नव्या जोडप्यांनी अकरा-अकरा महिन्यांचे करार करावेत, याचा मला संताप येतो.

किलोमीटरचं आधी बघू. घणसोली, कोपरखैरणे इथे राहते सेक्टर रुळांच्या पश्चिमेला आणि कंपन्या पूर्वेला. मध्ये लोहमार्ग, त्याला लागून ठाणे-बेलापूर रस्ता. नकाशावर अंतर बोटभर दिसतं. चालणाऱ्याला आधी हे दोन्ही ओलांडायची जागा गाठावी लागते.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. या गृहस्थांच्या हिशेबात घरात माणूस एकच. तो सकाळी निघतो, संध्याकाळी परततो, संपलं. त्याची बायको मुलुंडच्या शाळेत शिकवत असेल, तर तिचं काय? नवऱ्याचं ऑफिस रिक्षाच्या अंतरावर यावं म्हणून तिने घणसोलीहून ठाण्याला यायचं, पूल चढायचा, धीम्या लोकलच्या बायकांच्या डब्यात शिरायचं, आणि परतताना हेच उलट करून पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं. त्याची वाचलेली अर्धी घटका तिच्या दिवसातून वसूल होते. ‘ऑफिसजवळ’ म्हणताना कोणाचं ऑफिस, हे ही मंडळी विचारतच नाहीत. नवऱ्याचं, हे गृहीतच असतं. पूर्वी बायकांच्या नोकरीला ‘जोडधंदा’ समजून असेच वाद घातले जायचे. ते दिवस गेले म्हणतात, पण घर शोधायची वेळ आली की तेच गृहीतक परत येतं. शिवाय नोकऱ्या बदलतात. महाप्याची कंपनी उद्या ऐरोलीला जाईल, नाहीतर माणूस स्वतःच कांजूरमार्गची नोकरी धरेल. मग काय, दर बदलाला मुलांची शाळाही बदलायची?

मेट्रोच्या भरवशाबद्दल एवढंच सांगतो: बेलापूर ते पेंधर मार्गाचं भूमिपूजन 2011 साली झालं आणि प्रवासी गाडीत बसले नोव्हेंबर 2023 मध्ये. तोवर भाडेकरूंची मुलं माध्यमिक शाळेत गेली. धावत्या गाडीच्या आधाराने घर घ्यावं, घोषणेच्या आधाराने नाही.

मग राहावं कुठे? स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत, आणि घरातल्या प्रत्येकाला एकदाच गाडी बदलावी लागेल अशा ठिकाणी. ठाणे पूर्वेचं कोपरी मला यासाठी पसंत आहे. ट्रान्सहार्बरचे नऊ आणि दहा नंबरचे फलाट त्याच बाजूला पडतात, आणि मुलुंड, दादर, कल्याण सगळीकडे इथून थेट लोकल आहे. भाडं जास्त पडेल, खोल्या लहान मिळतील. तरी मी हेच सांगेन. ते परवडत नसेल तर ऐरोली ते तुर्भे या पट्ट्यात स्टेशनलगत बघा. तिथे ठाण्याहून वाशीला जाणारी गाडीही थांबते आणि नेरूळ-पनवेलला जाणारीही. तुर्भ्यापुढे फाटा फुटतो: सानपाड्याला ठाण्याहून फक्त वाशीची गाडी येते, जुईनगरला फक्त नेरूळ-पनवेलची. एक गाडी चुकली की फलाटावर जास्त वेळ काढावा लागतो. करार करण्याआधी ऑफिस सुटायच्या वेळी, भर पावसात, दोघांनी आपापल्या कामाच्या जागेपासून त्या घरापर्यंत एकदा येऊन बघावं.