अंघोळीला या, मातीचं विचारू नका

जपानी शहर आणि तिथले परदेशी विद्यार्थी या विषयावर रविवारच्या पुरवण्यांत जे येतं ते मला आता तोंडपाठ झालंय. किमोनो नेसलेली आफ्रिकन मुलगी, भाताचे मुटके वळणारा नेपाळी मुलगा, मध्ये हसरी जपानी आजी, आणि खाली संस्कृतींच्या सेतूबद्दल दोन गोड ओळी. मंडळी, मला या सेतूंचा वीट आलाय. सेतू पक्का आहे की कागदी, हे फोटोत कळत नाही. ते कळायला परक्या माणसाला तिथे घर शोधावं लागतं, आजारी पडावं लागतं, आणि शेवटी कुणाला तरी मरावं लागतं.

उदाहरण घेऊ बेप्पूचं. क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतातलं हे शहर, वस्ती सव्वा लाखाच्या आत, म्हणजे साधारण आपल्या वास्कोएवढं. जमिनीतून वाफा निघतात, दोन हजारांवर उष्ण झरे आहेत. २००० साली इथल्या डोंगरावर रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठ सुरू झालं. संस्था मूळची क्योतोची. बेप्पू शहराने जमीन दिली, शहराने आणि प्रांताने मिळून बांधकामाला पैसा दिला. म्हणजे ही पोरं काही उगाच वाट चुकून आली नव्हती, त्यांना खर्च करून बोलावलं होतं. तरुण माणसं शहरं सोडून जात होती, दुकानं ओस पडत होती, कुणीतरी हवं होतं. आज तिथे सुमारे सहा हजार विद्यार्थी आहेत आणि त्यातले जवळपास निम्मे परदेशी, नव्वदहून जास्त देशांतले.

आता खरं मिसळणं कुठे होतं ते पाहा. पहिलं वर्ष ही मुलं डोंगरावरच्या वसतिगृहात राहतात. तिथे सगळं सोयीचं, सगळं इंग्रजीत. दुसऱ्या वर्षी खाली शहरात खोली घ्यावी लागते, आणि खरी शाळा तिथे सुरू होते. कचरा कोणत्या दिवशी कोणता, कुठल्या पिशवीत, हे वाड्यावरची समिती सांगते. या समितीला चोनाईकाई म्हणतात. खोलीचं भाडं आणि हातखर्च भागवायला हॉटेलात भांडी घासायची, तीही कायद्याने आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंतच. आणि संध्याकाळी वाड्यावरचं सार्वजनिक स्नानगृह. बेप्पूत अशी शंभराहून जास्त आहेत, त्यातली कित्येक शेजारीपाजारीच वर्गणी काढून चालवतात. नियम साधे: आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, कपडे घालून पाण्यात उतरायचं नाही, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. ज्याला हे येत नाही त्याला शेजारचा म्हातारा दटावून शिकवतो.

मी म्हणतो, त्या म्हाताऱ्याचं ते दटावणं दहा सांस्कृतिक महोत्सवांपेक्षा मोलाचं आहे. पाहुण्याला कुणी दटावत नाही, दटावतात ते घरच्याला. महोत्सवात विद्यार्थी आपल्या देशाचा स्टॉल लावतो, लोक येतात, चव घेतात, 'ओइशी' म्हणून निघून जातात. तो दिवसभर आपल्या देशाचा नमुना म्हणून उभा असतो. स्नानगृहात तो फक्त अमुक नंबरच्या खोलीतला पोरगा असतो. पहिला प्रकार म्हणजे प्रदर्शन, दुसरा म्हणजे शेजार. आणि विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत छापला जातो तो नेमका पहिला.

पण हा शेजार तरी किती खोल? आता येतो मुद्द्यावर.

या विद्यापीठामुळे बेप्पूत मुस्लिम विद्यार्थी आले, शिक्षक आले, काही शिकून तिथेच नोकरीधंद्याला राहिले, त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. मशीद उभी राहिली. माणसं स्थायिक झाली की माणसं मरणारच. जपानात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त मृतांचं दहन होतं. दफनाला कायद्याची बंदी नाही. १९४८ चा कायदा परवानगीने दफन करू देतो. पण जागा? शेजारच्या हिजी गावातल्या ट्रॅपिस्ट मठाच्या ख्रिस्ती दफनभूमीत काहींना जागा मिळाली, पण ती पुरणारी नव्हती. म्हणून बेप्पूच्या मुस्लिम संघटनेने २०१८ मध्ये हिजीच्या डोंगराळ भागात जमीन घेतली. गावकऱ्यांनी हरकत घेतली, आमचं पाणी दूषित होईल म्हणाले. मग गावच्या मालकीची दुसरी जागा सुचवण्यात आली, आणि २०२३ मध्ये त्या वाड्याच्या लोकांशी अटी ठरवून करारही झाला. वाटलं, सुटला प्रश्न. ऑगस्ट २०२४ मध्ये निवडणूक आली, जमीन विकणार नाही असं सांगणारा उमेदवार नगराध्यक्ष झाला आणि व्यवहार अडला.

मी सरकारी कारकून. फाइल कशी जगते आणि कशी मरते हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही. हरकती मागवायच्या, पाहणी करायची, पर्यायी जागा सुचवायची, पुन्हा हरकती मागवायच्या. यात नाही म्हणण्याचं पाप कुणाच्याच माथी येत नाही. आपल्याकडे शेरा पडतो 'विचाराधीन', जपानीत काय पडतो मला माहीत नाही, पण अर्थ तोच असणार. प्रेताला मात्र विचाराधीन राहता येत नाही.

इथे बरेच जण हिजीच्या गावकऱ्यांना संकुचित म्हणून मोकळे होतील. मी म्हणणार नाही. झऱ्याच्या नि तळ्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याने पाण्याची काळजी केली तर त्यात गुन्हा काय? त्याला शास्त्रीय उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते द्यायचं काम एका छोट्या धार्मिक संघटनेचं नव्हतं. माझा राग आहे तो वरच्यांवर. १९८३ मध्ये टोकियोने ठरवलं, एक लाख परदेशी विद्यार्थी आणू. २००८ मध्ये ठरवलं, २०२० पर्यंत तीन लाख. आकडा मुदतीआधीच गाठला. २०२३ मध्ये ठरवलं, २०३३ पर्यंत चार लाख. आकडे ठरवायचे मंत्रालयाने, शुल्क घ्यायचं विद्यापीठाने, स्वस्तातले हात मिळायचे हॉटेलांना. आणि कबरीची जागा कुणी द्यायची? डोंगरातल्या एका वाड्याने! फायद्याला सगळं राज्य, भाराला एक गाव. ज्यांनी बोलावलं त्यांनीच दफनभूमीची सोय प्रांताच्या पातळीवर, सरकारी जमिनीवर, पाण्याची तपासणी करून केली असती तर हिजीच्या शेतकऱ्याला वाईटपणा घ्यावा लागला नसता.

यावर एक उत्तर हमखास येतं: जपानात राहायचं तर जपानी रीत पाळा, दहन करा. ऐकायला सरळ वाटतं. पण रीत पाळणं आणि श्रद्धा टाकणं यात फरक आहे. अंघोळीआधी अंग धुवा, काच वेगळी टाका, रात्री गोंगाट करू नका, हे सांगायचा शेजाऱ्याला पूर्ण हक्क आहे आणि पोरं ते शिकतातही. पण तुझ्या बापाच्या देहाचं काय करायचं ते मी ठरवीन, हा शेजार नव्हे. आणि कायदाच जिथे परवानगी देतो तिथे रीतीचा दाखला कशाला?

गोव्यात बसून हे लिहायचं मला एक कारणही आहे. हा ओइता प्रांत म्हणजे जुना बुंगो. १५५१ मध्ये फ्रान्सिस झेवियर याच बुंगोच्या सरदाराला, ओतोमोला, भेटला आणि तिथूनच जहाजाने परत निघाला. सोबत काही जपानी तरुण होते, त्यात बेर्नार्दो आणि मातेउश. १५५२ मध्ये ते गोव्यात पोचले. त्याच्याही आधी, १५४८ मध्ये, आंजिरो नावाचा जपानी जुन्या गोव्यातल्या सांव पावलाच्या कॉलेजात शिकत होता. त्या कॉलेजची कमान अजून रस्त्याकडेला उभी आहे. म्हणजे जपानचे हे पहिलेवहिले परदेशी विद्यार्थी गोव्यात आले! बेर्नार्दो पुढे पोर्तुगालला गेला. मातेउश गोव्यातच वारला. घरापासून समुद्रापलीकडे आलेल्या त्या पोराचा शेवट आपल्या भूमीत झाला.

लगेच कुणी म्हणेल, तो बाप्तिस्मा घेतलेला होता, म्हणून सोय झाली. बरोबर आहे. तेव्हाच्या गोव्यात धर्म न बदलता आलेल्या परक्याला काय वाट्याला आलं असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण मग पावणेपाचशे वर्षांनी माणसं कुठे पोचली? आमच्यात ये, आमच्यासारखा हो, मग आमची माती, हाच जर अजूनही नियम असेल तर महोत्सवातले ते स्टॉल कशासाठी? आणि आपणही फार उड्या मारायला नकोत. मडगावच्या सोनसोड्यावरच्या कबरस्तानाचा विषय किती वर्षं वर्तमानपत्रांत वाचतोय, ते आठवावं. हिजीवर बोट ठेवताना ते वळून आपल्याकडेही येतं.

तेव्हा यापुढे कुणी परदेशी विद्यार्थ्यांचं आणि गावाचं नातं किती घट्ट झालं म्हणून सांगायला आलं की मी तीनच प्रश्न विचारणार आहे. त्यांना भाड्याने घर कोण देतं? वाड्याच्या समितीत त्यांचं म्हणणं ऐकलं जातं का? आणि त्यातला एखादा तिथेच वारला तर त्याला कुठे नेणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर किमोनोतले फोटो खुशाल छापा, फक्त त्यांना नातं म्हणू नका. पाहुणचार म्हणा. पाहुण्याने परत जायचं असतं, आणि जपानने बोलावलेली ही माणसं आता तिथलीच झाली आहेत.